उतार लागलेली जुनी पोर्ट: उघडायची कशी, चाखायची कशी

पोर्ट म्हणजे द्राक्षांची दारू मिसळून कडक केलेली गोड वाइन, आणि उतार लागलेली म्हणजे जिचा बहर ओसरला आहे ती. आधी लेबल वाचा. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच निवडक वर्षाच्या द्राक्षांची, द्राक्षं तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाटलीत भरतात आणि ती बाटलीतच मुरते. चांगली जपलेली 1963 किंवा 1977 ची बाटली आजही सुरेख निघू शकते. रूबी (लाल, ताजी पोर्ट) आणि 10, 20 वर्षं असा आकडा छापलेली टॉनी (लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट) मात्र भरतानाच पिण्याजोगी असते. कपाटात ठेवून ती सुधारत नाही. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन तर साठवायची नसतेच.

बाटली उजेडासमोर धरा. पातळी मानेच्या बुडाशी असेल तर ठीक. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल, बुचाभोवती चिकट ओघळ असतील, तर आत हवा गेलेली असणार. अपेक्षा कमी ठेवा.

किमान दोन दिवस बाटली उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. काही जुन्या बाटल्यांवर चुन्याचा पांढरा ठिपका असतो. आडवी ठेवताना तो वर असायचा, म्हणजे गाळाचा थर विरुद्ध, खालच्या बाजूला. ओततानाही ठिपका वरच ठेवा.

चाळीस वर्षांचं बूच साध्या स्क्रूने हमखास चुरतं. दोन पात्यांचा ओपनर घ्या. लांब पातं आधी, मग दोन्ही आळीपाळीने दाबत बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवा आणि पिळत वर ओढा. तुकडे आत पडलेच तर साध्या गरम पाण्यातून काढलेल्या मलमलीतून गाळा. साबणाने धुतलेलं फडकं नको, त्याचा वास वाइनला लागतो. मानेखाली टॉर्च लावून एका संथ धारेत ओता. काळपट रेघ मानेपर्यंत आली की थांबा. तळाची 50-75 मिली सोडून द्यायची.

तापमान 16 ते 18 अंश. पोर्टमध्ये साधारण 20 टक्के अल्कोहोल असतं; मुंबईच्या उकाड्यात ते थेट नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही.

पहिला घोट लगेच घ्या, कारण फार थकलेली पोर्ट तासाभरात विझते. मग अर्ध्या, एक आणि दोन तासांनी पुन्हा चाखा. सुरुवातीचा कोंदट वास बहुधा हवेने जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष. तो जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिशचा हलका वास जुन्या पोर्टमध्ये चालतो, नाक मागे घ्यावं लागलं तर नाही.

पेल्यातल्या वाइनची कड विटकरी असणं वयाला धरूनच आहे. उतार ओळखायचा तो तोंडात: आधी गोडी, मग मध्ये पोकळी, शेवटी घशात जाळ. रंगद्रव्यं आणि टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) एकत्र येऊन गाळ होतात, फळाचा स्वाद विरतो, पण साखर आणि अल्कोहोल जवळपास तितकंच राहतं. त्यांना झाकणारं काही उरलेलं नसतं, म्हणून ते सुटंसुटं लागतं. पण पोकळीनंतरही अक्रोड, सुकं अंजीर, चहाची पत्ती असं काही जिभेवर रेंगाळत असेल, तर ती बाटली मेलेली नाही, सावकाश प्या. सोबत बिनमिठाचे भाजलेले बदाम द्या, पण पहिला घोट नुसताच घेतल्यावर.

उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. नुसती थकलेली असेल तर मंद आचेवर 200 मिलीची 60 मिली होईपर्यंत आटवा आणि उकडलेल्या नासपतीवर घाला. बुचाचा वास असलेली आटवू नका, ती ओतूनच द्या.