डिकीत बूफर आणि गाडी खाली: स्प्रिंग निवडायचे कसे

आमच्या कोल्हापुरात पोरं गॅरेजवर येतात ती मोबाइलमधला फोटो दाखवत. ‘दादा, एवढी खाली पाहिजे.’ मी आधी डिकी उघडायला लावतो. गाडी किती मिलिमीटर खाली आणणारा स्प्रिंग घ्यायचा हे फोटोवरून ठरत नाही, डिकीतल्या वजनावरून ठरतं.

12 इंची दोन बूफर (जाड आवाजाचे मोठे स्पीकर), 18 मिलिमीटर एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी फळीचा) बॉक्स, दोन अँप्लिफायर, जादाची बॅटरी, पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट धरा. सगळं मिळून शंभर किलोच्या घरात सहज जातं. अंदाज नको, भंगारवाल्याच्या काट्यावर बॉक्स ठेवून बघा. त्यात हे वजन मागच्या चाकांच्याही मागे बसतं. उदाहरणाला मारुती स्विफ्ट घ्या. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिलिमीटर. बॉक्सचा भार मागच्या एक्सलच्या 400 मिलिमीटर मागे असेल, तर शंभर किलोचे मागच्या एक्सलवर 116 किलो होतात आणि पुढचा भार 16 किलोने हलका होतो. गाडी नाक वर करून उभी राहते ती यामुळेच.

आता मोजमाप. टायरमधली हवा बरोबर करा, गाडी सपाट फरशीवर घ्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून आकडा लिहा. मग जिथे बॉक्स येणार तिथे सिमेंटची दोन पोती ठेवा, शंभर किलो झाले. गाडी थोडी हलवून पुन्हा मोजा. समजा 24 मिलिमीटर खाली आली. म्हणजे स्प्रिंग न बदलताच गाडी मागून एक इंच बसलेली आहे.

लोअरिंग स्प्रिंगच्या (गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगच्या) पाकिटावर ‘40 मिमी ड्रॉप’ लिहिलेलं असतं ते रिकाम्या गाडीचं. तो स्प्रिंग मूळच्यापेक्षा 25 टक्के कडक असला, तर याच वजनाला तो 19 मिलिमीटर दबेल. एकूण झाले 59. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) 163, म्हणजे मागे शंभरच्या आसपास उरला, आणि अजून माणसं बसायची आहेत! नियमातला स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच पण 3.7 मीटर लांब असतो, त्यावर चाकंही चढतात, पोट वाचतं. गल्लीतला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र सायलेन्सर खरवडणारच.

म्हणून हिशेब उलटा करा. मागून एकूण 35 खाली पाहिजे असेल, तर त्यातून वजनाचे 19 वजा करा. स्प्रिंगने फक्त 16 उतरायचं. एवढ्या मापाचा तयार स्प्रिंग शोधत बसण्यापेक्षा मागे उंची बदलता येणारा सेट घ्या. स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असल्याने हे काम सोपं आहे.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, म्हणजे दबेल तसा कडक होत जाणारा, रिकाम्या गाडीत छान वाटतो. पण कायमचं वजन असलं की त्याचे मऊ वेढे आधीच एकमेकांना टेकलेले असतात आणि गाडी सतत कडक भागावर चालते. मी अशा गाडीला मागे लिनियरच, म्हणजे सगळीकडे सारखाच कडक असणारा स्प्रिंग, सुचवतो. आणखी एक रस्ता: कंपनीच्या सीएनजी मॉडेलचं मागचं सस्पेन्शन टाकीचा भार धरून केलेलं असतं. पार्ट नंबर तपासून तो स्प्रिंग मागे आणि हलका लोअरिंग स्प्रिंग पुढे, असा मेळ कमी खर्चात बसू शकतो. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) उत्तम, पण कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाकीचं वजन परत डिकीतच जातं.

स्प्रिंग कापून देणाऱ्याकडे फिरकू नका. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की मागचा स्प्रिंग जागा सोडतो. गॅसने तापवला तर पोलादाचं पाणीच उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, मग स्प्रिंग बसतच जातो.

कडक स्प्रिंगला जुळणारे शॉकअप हवेतच, नाहीतर गाडी उड्या मारते. सस्पेन्शनच्या बुशचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायला सांगा. मग चाकांची अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरसीतली माहिती बदलेल असा फेरफार चालत नाही, म्हणून आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. जुने स्प्रिंग जपून ठेवा.

शेवटी मागच्या शॉकअपच्या रॉडवर, रबरी टोपी वर सरकवून, एक केबल टाय (प्लास्टिकची पट्टी) ढकलल्यावरच सरकेल इतपत घट्ट बांधा आणि खाली टेकवा. डिकी भरलेली आणि चार माणसं बसलेली अशी गाडी नेहमीच्या रस्त्याने फिरवा. टाय बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबू न देणाऱ्या रबरापर्यंत) सरकला असेल, तर मागची बाजू 10 मिलिमीटर उचला आणि पुन्हा तपासा.