तीन रिमोटांचे काम एका रिमोटवर: शिकवणी नेमकी कुठे फसते

युनिव्हर्सल रिमोट घेताना बहुतेक जण खोक्यावरच्या 'सर्व कंपन्यांच्या टीव्हीला चालतो' या ओळीवर भाळतात. त्या ओळीकडे दुर्लक्ष करावे आणि खोक्यावर 'लर्निंग' हा शब्द आहे की नाही, एवढेच पाहावे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत होम थिएटर म्हणजे गावातल्याच कारागिराने जुळवून दिलेला पाच स्पीकर आणि एक वूफर यांचा संच असतो, आणि त्यात बसवलेल्या तयार बोर्डाचा कोड छापील यादीत शोधून सापडत नाही. असा संच चालवायचा तर जुन्या रिमोटकडून एकेक बटण नव्याला शिकवणे हाच मार्ग उरतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात जा किंवा तालुक्याच्या दुकानात, 'शिकणारा रिमोट आहे का' असेच विचारावे.

टीव्हीचे काम सोपे आहे. सेटचे बटण दिवा स्थिर लागेपर्यंत दाबून धरावे, टीव्हीचे बटण दाबावे, पुस्तिकेतला तीन किंवा चार अंकी कोड द्यावा आणि दिवा विझला की आवाज कमी-जास्त करून पाहावा. आवाजाने दाद दिली नाही तर यादीतला पुढचा कोड घ्यावा. केवळ टीव्ही बंद झाला म्हणून कोड जुळला असे मानू नये, कारण पॉवरचे बटण चालते आणि बाकीचे मुके राहतात असे कोड यादीत हमखास असतात. डीटीएच बॉक्सचीही हीच रीत. बोलून आज्ञा घेणारे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात. त्यांची सर्व बटणे शिकणाऱ्या रिमोटला शिकवता येत नाहीत, तेव्हा त्यामागे दिवस घालवू नये.

आता शिकवणी. सेट दाबून धरल्यावर नव्या रिमोटवरचे हवे ते बटण दाबायचे, दिवा लुकलुकू लागला की समोर जुना रिमोट धरून त्याचे बटण दाबायचे, आणि दिव्याने भरभर लुकलुकून होकार दिला की पुढच्या बटणाकडे वळायचे. दिव्याच्या खुणा मॉडेलप्रमाणे थोड्याफार बदलतात. पुस्तिकेत हे सारे चार ओळींत उरकलेले असते, पण मी या चार ओळींवर एक अख्खी सकाळ घालवलेली आहे. यावलला नातेवाइकांकडे हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून मी आवाजाचे बटण अकरा वेळा शिकवले आणि अकराही वेळा ते वाया गेले. बघ्यांपैकी एकाने सेल घासायला सांगितले, दुसऱ्याने बटण जोरात दाबायला, तिसऱ्याने रिमोटच परत करायला. संध्याकाळी दिवाणखान्यात तेच बटण पहिल्या दमात बसले, तेव्हा खरा दोषी ऊन होते हे माझ्या ध्यानात आले.

रिमोटच्या तोंडाशी असलेला दिवा साधारण 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो, आणि त्यातली आज्ञा सेकंदाला सुमारे 38,000 वेळा होणाऱ्या लुकलुकीवर स्वार होऊन जाते. काही कंपन्यांत हा आकडा 36,000 किंवा 40,000 असतो. टीव्हीला आपला आकडा ठाऊक असल्यामुळे तो बाकीचा प्रकाश बराचसा गाळून टाकतो. शिकणाऱ्या रिमोटला मात्र समोरून काय येणार हे आधी माहीत नसल्याने तो सगळेच ऐकत बसतो, आणि उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. म्हणून उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे दुपारी दारे-खिडक्या लावून कूलरपुढे बसण्याची जी वेळ, तीच या कामाला उत्तम. खोलीतली सीएफएलही मालवावी.

दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, एकाच रेषेत, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. 'तोंडाला तोंड चिकटवा' हा सल्ला ऐकू नये. फार जवळून आलेला झोत नव्या रिमोटला दिपवतो. हातात धरून तर कधीच शिकवू नये. जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घालावेत आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर त्याचे बटण दाबून पाहावे. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली नाही, तर नव्या रिमोटला दोष देण्यात अर्थ नाही. होम थिएटरसोबतच्या चपट्या छोट्या रिमोटात बहुधा सीआर 2025 हा नाण्यासारखा सेल असतो आणि तो बदलायचे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

बटण दाबून धरणे हीसुद्धा चूकच. अशा पुष्कळ संचांत पूर्ण आज्ञा पहिल्या झटक्यातच जाते आणि त्यापुढे फक्त 'तेच पुन्हा' एवढा संकेत जात राहतो. नव्या रिमोटने तेवढाच टिपला, तर शिकलेले बटण काहीच करत नाही. म्हणून एकच नेमका टिचका द्यावा. काही जुन्या संचांत आज्ञेचा एक अंश प्रत्येक दाबण्याला आलटून पालटून बदलतो, त्यामुळे शिकलेले बटण एकदा चालते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले तर गप्प राहते. असे झाले तर पुन्हा पुन्हा शिकवत बसू नये, त्या संचाचा छापील कोड शोधावा.

पहिले बटण शिकवले की लगेच संचावर चालवून पाहावे. वीस बटणे शिकवून मग तपासणारा सगळी पुन्हा शिकवतो. पॉवर, आवाज आणि इनपुट एवढी बटणे बसली तरी रोजचे काम भागते.

जुने रिमोट टाकून देऊ नयेत. सेल काढून, मागे संचाचे नाव चिकटवून ते कपाटात ठेवावेत. सेल आत राहिले तर गळून पत्र्या गंजतात, आणि पुढचा नवा रिमोट शिकणार तो यांच्याकडूनच.