बॅकअप सर्व्हर नव्या मशिनवर हलवताना या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी सातला कॉपी लावली, शटर ओढलं आणि घरी आलो. पुण्यातल्या एका सीए ऑफिसचं काम. जुन्या बॅकअप सर्व्हरवर १.१ टीबी भरलेली, नव्यात ८ टीबीची डिस्क. म्हटलं रविवारात आरामात होईल. सोमवारी सकाळी जाऊन बघतो तर नवी डिस्क काठोकाठ भरलेली आणि आरसिंक (फाइली कॉपी करणारं लिनक्सचं साधन) ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून बसलेलं. १.१ चे ८ झाले कसे, हे साहेबांना समजावताना घाम फुटला.

दोष माझाच होता. आरस्नॅपशॉटसारखं बॅकअपचं साधन रोजचा बॅकअप (स्नॅपशॉट) वेगळ्या फोल्डरमध्ये दाखवतं, पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. बाकी फोल्डरांत तिची फक्त नावं असतात, म्हणजे हार्डलिंक. आमच्याकडे रोजचे ७, आठवड्याचे ४ आणि महिन्याचे ६ असे १७ स्नॅपशॉट होते, प्रत्येक साधारण ६०० जीबीचा. मी सवयीने आरसिंकच्या कमांडला नुसता छोटा ‘ए’ हा पर्याय दिला. त्यात हार्डलिंक जपणं येत नाही, त्यासाठी कॅपिटल ‘एच’ वेगळा द्यावा लागतो. तो नसल्यामुळे सतराच्या सतरा स्नॅपशॉट सुटे लिहिले जात होते. ६०० गुणिले १७, म्हणजे १० टीबीच्या वर. ८ ची डिस्क पुरणार कुठून?

पण ‘एच’ दिला म्हणजे सुटलो असं नाही. कोणती फाइल कोणाची जोडीदार हे आरसिंक मेमरीत धरून ठेवतं. फाइली कोटीत गेल्या की रॅम संपते आणि मशिन रांगायला लागतं. वैतागून एकेक स्नॅपशॉट वेगवेगळा कॉपी करावा, तर दोन स्नॅपशॉटमधली जोडणी तुटते, कारण एका फेरीत जे दिसतं तेवढंच त्याला कळतं. बॅकअपपीसी या दुसऱ्या बॅकअप साधनाच्या जुन्या ३ आवृत्तीचा फाइलसाठाही हार्डलिंकवरच उभा होता. २०१७ मध्ये आलेल्या ४ ने ती पद्धत सोडली, त्यामुळे ४ वाल्यांना हा त्रास बराच कमी.

असा साठा मोठा असेल तर फाइली मोजत बसूच नका, अख्खी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना) उचला. झेडएफएस प्रकारची असेल तर सेंड आणि रिसीव्ह, तेही कॅपिटल ‘आर’ लावून, म्हणजे स्नॅपशॉटसकट जातं. लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ असेल तर पार्टिशन अनमाउंट (सिस्टिमपासून सुटं) करून डीडी कमांडने जसंच्या तसं उतरवा आणि मग रिसाइझटूएफएसने वाढवा. यात एक मेख आहे: दोन्ही डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, तोच राहतो. दोन्ही एकाच मशिनला लावून बूट केलं तर कोणती माउंट होईल याचा नेम नाही. ट्यूनटूएफएसने नव्या डिस्कचा यूयूआयडी आधी बदला, एफएसटॅबमध्येही (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) तोच लिहा.

माझं मत विचाराल तर छोट्या ऑफिसने जुना इतिहास हलवूच नये. नव्या मशिनवर पहिल्या दिवसापासून कोरा बॅकअप सुरू करा. जुनं मशिन रीड-ओन्ली करून कपाटात ठेवा, आणि सहा महिन्यांचे स्नॅपशॉट ठेवत असाल तर सहा महिने ठेवा. वर चिकटपट्टीवर तारीख लिहा: ‘अमुक तारखेपर्यंत पुसू नये’. हलवाहलवीत जाणारे दोन वीकेंड वाचतात.

जुन्याचा क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) मात्र आठवणीने बंद करा. कपाटात जाण्याआधीचे आठ-दहा दिवस दोन्ही मशिन चालू असतात, आणि दोघंही रात्री दोनला त्याच फाइल सर्व्हरवर तुटून पडतात. बोर्ग या बॅकअप साधनाची १ आवृत्ती वापरणाऱ्यांनी तर एन्क्रिप्टेड रेपॉझिटरीची (बॅकअपच्या साठ्याची) कॉपी करून दोन्हींत लिहिणं कटाक्षाने टाळावं, त्याने एन्क्रिप्शनच कच्चं पडतं. आणि की-फाइल रेपॉझिटरीत नसून जुन्या मशिनच्या होम फोल्डरमध्ये असेल, तर ती आधी काढून घ्या. नाहीतर डेटा हातात आणि किल्ली भंगारात.

रात्री दोनचं आणखी एक. नव्या सर्व्हरवर लिनक्स टाकताना टाइमझोन बऱ्याचदा यूटीसीच (आपल्या साडेपाच तास मागे) राहतो, कोणी बघत नाही. मग दोनचा बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो आणि अकरापर्यंत चालतो. एका ठिकाणी आठवडाभर ‘सकाळी टॅली का रडतं’ म्हणून लॅनच्या केबल बदलणं चाललं होतं. टाइमडेटसीटीएल कमांड एकदा चालवून एशिया/कोलकाता आहे ना बघा, बदललात तर क्रॉनची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

परवानग्यांचा घोळ याहून वाईट, कारण तो रिस्टोर करेपर्यंत दिसत नाही. लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने ओळखतं. जुन्या मशिनवर १००१ म्हणजे अकाउंट्सच्या ताई, नव्यावर युझर वेगळ्या क्रमाने बनवले आणि १००१ झाला आर्टिकलशिपचा मुलगा. आरसिंक नेटवर्कवरून नाव जुळवायला जातं, नाव नसेल तर आकडा तसाच ठेवतं, म्हणजे अर्धं एक, अर्धं दुसरं. ‘न्यूमेरिक-आयडीज’ हा पर्याय लावा म्हणजे आकडे जसेच्या तसे जातात. एसीएल (फाइलीवरच्या जादा परवानग्यांची यादी) वापरत असाल तर कॅपिटल ‘ए’सुद्धा. सगळ्यांच्या पगाराची एक्सेल त्या मुलाच्या युझरने उघडलेली मी पाहिली आहे. बिचाऱ्याने स्वतःहून येऊन सांगितलं.

डिस्क माउंट झालीच नाही तर काय, हा प्रश्न फार थोडे विचारतात. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ हा पर्याय असला की डिस्क न सापडताही मशिन गुपचूप बूट होतं. बॅकअप मग त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर, लिहिला जातो आणि ती भरली की सगळंच ठप्प. उपाय दोन मिनिटांचा आहे. डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर कमांडने ‘आय’ ही खूण लावा, मग तिथे रूटलाही (मुख्य युझरलाही) लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की तिच्यावर नेहमीसारखं लिहिता येतं.

डिस्क अर्धी रिकामी दिसते आणि तरीही ‘जागा नाही’ म्हणते? डीएफ कमांडला ‘आय’ लावून आयनोड (दर फाइल-फोल्डरमागे लागणारी नोंदीची जागा) किती उरलेत बघा. ‘लार्जफाइल’ पर्यायाने फॉरमॅट केलेल्या एक्स्ट४ मध्ये दर १ एमबीमागे एकच आयनोड मिळतो. एरवी १६ केबीमागे एक असतो. स्नॅपशॉटमध्ये फोल्डर दरवेळी नवे बनतात, ते आयनोड खातात. हे प्रमाण नंतर बदलता येत नाही, पुन्हा फॉरमॅटच. डिस्क घेतानाही ती एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नाही ना, हे दुकानदाराला नाही, कंपनीच्या डेटाशीटला विचारा. सलग तासन्‌तास लिहायला लागलं की तिचा वेग बसतो.

नवं मशिन जुन्याच आयपीवर लावलं की एसएसएच (एका मशिनवरून दुसऱ्याला सुरक्षित जोडणारं साधन) ‘होस्टची ओळख बदलली’ म्हणून ओरडतं. क्रॉनमध्ये ते ओरडणं ऐकायला कोणी नसतं, बॅकअप नुसता थांबतो. जुन्याच्या होस्ट-की (मशिनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नव्यावर आणा किंवा क्लायंटच्या यादीतली जुनी नोंद काढून नवी घाला. तपासणीच बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो, तो घेऊ नका.

सगळं लागलं की ‘सक्सेस’च्या मेलवर विसंबू नका. कालची एक फाइल आणि आठवड्यापूर्वीची एक, अशा दोन फाइली वेगळ्या पीसीवर उतरवा. टॅलीचा कंपनी फोल्डर रिस्टोर करून टॅलीत उघडा, शेवटचं व्हाउचर दिसतंय का बघा. हे काम साहेबांसमोर करा, त्यांनी स्वतः एक जुनी फाइल मागावी. त्या सीए ऑफिसमध्ये शेवटी जुनं मशिन कपाटातच ठेवलं होतं, आणि साहेबांनी नेमकी चार महिन्यांपूर्वी डिलीट झालेली एक बॅलन्स शीट मागितली. ती फक्त कपाटातल्या मशिनवर होती. दार उघडून, धूळ पुसून, पॉवर केबल शोधून ते चालू करायला वीस मिनिटं गेली, पण फाइल मिळाली. चिकटपट्टीवरची तारीख त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडून तीन महिने पुढची लिहिली.