घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन निवडताना या चुका टाळा

कोल्हापुरात मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरखाली धातूचा तुकडा सरकवून कापणारे यंत्र, मिळवणे अवघड नाही, आणि खरी अडचण तीच आहे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखादा कारखाना हाताने चालवायची यंत्रे काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रे, बसवतो, जुनी यंत्रे दलालाच्या शेडमध्ये येऊन पडतात, आणि घरी छोटी इंजिने किंवा दुरुस्तीची कामे करण्याची हौस असलेला माणूस रविवारी सहज म्हणून चक्कर मारायला जातो तो सोमवारी इसार देऊन मोकळा होतो. लेथ घेताना दहा जणांना विचारणारी माणसे मिलिंगच्या बाबतीत इतकी उतावीळ का होतात, हे मला आजवर उमगलेले नाही. खालच्या चुकांपैकी एकही नवी नाही. त्याच त्या पाहून कंटाळा आला म्हणून एकदा लिहून काढत आहे.

पिलर ड्रिलवर मिलिंग करू पाहणे

घरात पिलर ड्रिल, म्हणजे खांबावरचे उभे ड्रिल मशीन, आहे, त्याच्या टेबलावर दोन दिशांनी सरकणारी कंपाउंड स्लाइड बसवली की मिलिंगचे काम भागते, असे छातीठोकपणे सांगणारा कोणी ना कोणी प्रत्येक नवशिक्याला भेटतोच. ते काम भागत नाही. ड्रिलचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, सरळ उभा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो; त्याची बेअरिंगे आणि क्विल (स्पिंडल वरखाली नेणारी नळी) आडव्या रेट्यासाठी नसतात. त्याहून मोठा धोका टेपरचा, म्हणजे स्पिंडलमधल्या निमुळत्या भोकाचा, आहे. ड्रिल धरणाऱ्या चकचा आर्बर, म्हणजे मागचा दांडा, मोर्स टेपरमध्ये केवळ घर्षणाने धरलेला असतो, आणि भोक पाडताना खालून येणारा दाब ती पकड आणखी घट्ट करतो. एंडमिलने, म्हणजे बाजूनेही कापणाऱ्या कटरने, आडवे कापायला लागले की तो दाब नाहीसा होतो, थरथर सुरू होते आणि चक फिरता फिरता सुटून जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, येऊन पडतो. मिलिंग मशीनच्या स्पिंडलमधून आरपार जाणारा, कटरची पकड वरून आवळून धरणारा ड्रॉबार असतो तो एवढ्याचसाठी. शिवाय चकचे तीन जबडे एंडमिलच्या कडक शँकला (दांड्याला) रेषेपुरतेच धरतात, त्यामुळे फ्लूटच्या (धारेलगतच्या खाचांच्या) पिळाच्या ओढीने कटर हळूहळू खाली उतरत जातो आणि अर्धा मिलिमीटर घ्यायचा असताना शेवटाला दोन मिलिमीटर निघालेला असतो. पैसे नाहीत म्हणून हा मार्ग धरणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की ड्रिलवर भोके पाडावीत, खाच काढायची असेल तर लेथवर जॉब वरखाली सरकवणारी व्हर्टिकल स्लाइड लावावी किंवा कानस घ्यावी, आणि मिलिंगसाठी पैसे साठेपर्यंत थांबावे.

रंग पाहून यंत्र घेणे

ही चूक मला सर्वांत जास्त डाचते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मात्र पाणी ओसरल्यावर बुडालेल्या यंत्रांचे पुढे काय होते, हा प्रश्न खरेदीला निघालेल्या माणसाच्या मनात येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने २०१९ च्या पुरानंतरच्या दिवाळीत टरेट प्रकारचे, म्हणजे वळवता येणाऱ्या हेडचे, एक उभे मिलिंग मशीन घेतले. तो नोकरी बँकेत करतो आणि संध्याकाळी छोटी ऑइल इंजिने घडवतो. हात चांगला आहे, धीर नाही. यंत्र पोपटी रंगात न्हाऊन निघालेले होते. "मालक, कंपनीतनं थेट उचललंय, एका हाताचं मशीन हाय," असे दलालाने सांगितले, आणि स्पिंडल चालू करून दाखवल्यावर आमच्या या गड्याने पूर्ण रक्कम मोजली. मला बोलावणे आले तेव्हा यंत्र त्याच्या दारात उभे होते.

रंग इतक्या उदारपणे मारला होता की तेलाच्या निपलांची तोंडे बुजली होती आणि तेलाची पातळी दाखवणारी काचही रंगली होती. जो माणूस तेलाच्या काचेवर रंग मारतो, त्याने आत तेल पाहिलेले नसते. मोटारीच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण काढले तेव्हा कोपऱ्यांत वाळून भेगा पडलेला बारीक गाळ निघाला. कॉलमच्या, म्हणजे यंत्राच्या उभ्या खांबाच्या, मागचे झाकण उघडून टॉर्च मारल्यावर आतल्या बिडावर पाण्याची आडवी रेघ स्वच्छ दिसत होती. टेबलाची वरची बाजू घासून चकचकीत केली होती, पण टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या टी-आकाराच्या खाचेत) बोट घालून वरच्या ओठाची खालची बाजू चाचपली तर ती देवीच्या व्रणांसारखी खडबडीत लागली.

त्यानंतर डायल, म्हणजे शतांश मिलिमीटर मोजणारे घड्याळ, लावला. टेबल मध्यावर असताना हँडव्हील उलटे फिरवले की टेबल हलायला लागेपर्यंत पाऊण मिलिमीटरचा प्ले होता. दोन्ही टोकांकडे तो निम्म्याहून कमी होता. त्याउपर गिब, म्हणजे टेबलाची सरक घट्ट करणारी पट्टी, इतकी आवळली होती की मध्यावर टेबल बरे चालायचे आणि टोकाला जाऊन अडकायचे. म्हणजे पाण्यात बुडण्याआधीही या यंत्राने मध्यावरच्या त्याच दोनशे मिलिमीटरमध्ये पुष्कळ वर्षे एकच काम केलेले होते. मोटार पुन्हा भरून घ्यावी लागली, स्पिंडलची बेअरिंगे बदलली, टेबल आणि त्याखालचे सॅडल स्लाइड ग्राइंडिंगला (सरकती पृष्ठे घासून घ्यायला) गेले, टेबल सरकवणारा लीडस्क्रू आणि त्याचा नट नवे करून घेतले. हे सारे उद्यमनगरात होते, यात शंका नाही. पण सगळ्या खर्चाची बेरीज यंत्राच्या किमतीच्या वर गेली. दलालाकडे दाद मागायला गेल्यावर त्याने "बघूनच नेलंय की तुम्ही" एवढेच उत्तर दिले.

मी स्वतः यंत्र पाहायला जाताना डायल, मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, रॉकेलमध्ये भिजवलेला वेस्टचा (टाकाऊ सुताचा) बोळा आणि मऊ पोलादाचा एक ठोकळा बरोबर नेतो. रंगाकडे पाहत नाही. रंग उडालेले, तेलाने मळलेले यंत्र दिसले की उलट बरे वाटते. प्रथम स्लाइडवरची घाण पुसून स्क्रेपिंगच्या (पृष्ठ सपाट करताना हाताने खरवडल्याच्या) खुणा शोधतो: त्या टोकांना दिसत असतील आणि मध्यावर पुसल्या गेलेल्या असतील, तर झीज किती झाली आहे ते न मोजताही कळते. मग डायल टेबलाच्या कडेला टेकवून टेबल हाताने पुढेमागे रेटतो आणि प्ले मध्यावर, डावीकडे व उजवीकडे वेगवेगळा मोजतो. सगळीकडे सारखा दोन दशांश मिलिमीटर प्ले असेल तर मी कुरकुर करत नाही, कारण तेवढा प्ले लक्षात ठेवून काम करता येते आणि नट बदलून तो कमीही होतो. मध्यावर जास्त आणि टोकांना कमी असेल तर स्क्रूच झिजलेला असतो आणि नव्या नटाने काही साधत नाही. प्ले असलेल्या यंत्रावर कटरच्या फिरण्याच्या दिशेने जॉब सरकवला तर कटर टेबलच ओढून घेतो आणि एंडमिल मोडते, म्हणून हा आकडा किरकोळ समजू नये. स्पिंडलच्या टेपरला आतून डायल टेकवून, स्पिंडल हाताने फिरवून रनआउट (फिरताना येणारा डोल) पाहतो, आणि तो शतांश मिलिमीटरच्या आसपास असावा अशी अपेक्षा ठेवतो. नंतर स्पिंडल सर्वांत वरच्या वेगावर अर्धा तास चालवायला सांगतो. हेड कोमट झाले तर ठीक. हात टेकवत नाही इतके तापले तर बेअरिंग गेले असे समजावे. विक्रेत्याला अर्ध्या तासाचीही घाई असेल तर मी चहा पिऊन परत येतो. शेवटी ठोकळा वाइसमध्ये (शिकंजात) धरून एक कट घेऊनच दाखवायला सांगतो, कारण मोकळा फिरणारा स्पिंडल कोणाचाही गोड चालतो.

थ्री फेजचा हिशेब नंतर करणे

घरी महावितरणचा सिंगल फेज पुरवठा आणि यंत्राला ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटार, हे चित्र नेहमीचे आहे. त्यावर "व्हीएफडी लावू की" हे उत्तरही नेहमीचेच. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, थ्री फेज देतो खरा, परंतु २३० व्होल्टचा. ४१५ चा नव्हे. म्हणून मोटारीची पाटी वाचणे आधी आले. पाटीवर २३० आणि ४१५ असे दोन्ही आकडे, मोटारीच्या वेटोळ्यांच्या डेल्टा आणि स्टार या दोन्ही जोडण्या असतील आणि बॉक्समध्ये सहा टोके बाहेर काढलेली असतील, तर स्टारची जोडणी डेल्टा करून मोटार पूर्ण ताकदीने चालते. पाटीवर केवळ ४१५ डेल्टा लिहिले असेल तर २३० व्होल्टवर, ५० हर्ट्झला, जेमतेम एक तृतीयांश टॉर्क (फिरवण्याचा जोर) उरतो. अशा मोटारीला जाळून पाहण्यापेक्षा ती बदलावी किंवा पुरवठाच थ्री फेज करून घ्यावा. व्हीएफडी आणि मोटार यांच्या मधल्या जुन्या कॉन्टॅक्टरने किंवा उलट-सुलट स्विचने चालू मोटार बंद करू नये. व्हीएफडीचे आउटपुट त्यानेच जाते. कूलंट पंप आणि पॉवर फीडची, म्हणजे टेबल आपोआप सरकवणारी, मोटार यांचीही सोय वेगळी पाहावी लागते, हे बहुतेकांना यंत्र बसवल्यावर आठवते.

गोल कॉलम, हलके हेड, प्लॅस्टिकचे गिअर

गोल कॉलमच्या मिल-ड्रिलमध्ये हेड वरखाली केले की ते कॉलमभोवती फिरते आणि शून्य, म्हणजे जुळवलेली जागा, हरवते. एंडमिलने कट घेऊन त्याच सेटिंगला ड्रिल लावायचे म्हटले की पुन्हा सेंटर काढत बसावे लागते. हेडला फिरू न देणाऱ्या तिरप्या खाचेचा डव्हटेल कॉलमच घ्यावा. पन्नास-साठ किलोची चिनी मिनी मिल पितळ आणि ॲल्युमिनियमच्या छोट्या कामाला चालते, परंतु तिच्या हेडमध्ये प्लॅस्टिकचे गिअर आहेत का ते विचारावे, आणि असतील तर घेतानाच सुटे गिअर बरोबर घ्यावेत.

कोल्हापूरच्या हौशी माणसाला येथे एक वेगळा पेच पडतो. आपल्याकडे फाउंड्री हाकेच्या अंतरावर असल्यामुळे बिडाचे कास्टिंग सहज ओतून मिळते, आणि बिडाची वरची साल कडक असते, तिच्यात वाळूचे कण असतात. पहिला कट त्या सालीच्या खालून, दीड-दोन मिलिमीटर खोल घेतला तरच एचएसएस (हायस्पीड स्टील) कटरची धार टिकते. हलके यंत्र तेवढा कट घेताना थरथरते, मग माणूस दोन दशांशाचे कट घेत सालीवरच कटर घासत राहतो आणि कटर खराब निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावतो. कास्टिंगवर काम करायचे असेल तर वजनाला पर्याय नाही.

टेबलाची लांबी पाहणे, उंची न पाहणे

स्पिंडलच्या तोंडापासून टेबलापर्यंतचे सर्वाधिक अंतर ३८० मिलिमीटर असले की भरपूर वाटते. त्यात फिरत्या बेसचा वाइस १५० खातो, आर्बरसह ड्रिल चक १३० खातो, आणि १२ मिलिमीटरचे नेहमीचे ड्रिल चकच्या बाहेर ११० उरते. बेरीज ३९० झाली आणि जॉब अजून टेबलावर आलेलाच नाही. खरेदीआधी हा हिशेब स्वतःच्या कामाचे आकडे घालून कागदावर करावा.

सगळे पैसे यंत्रातच घालणे

मिलिंग मशीन नुसते घेऊन काहीही करता येत नाही. चांगला वाइस, क्लॅम्पचा संच, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या), कटर धरणारा कॉलेट चक आणि कॉलेट, एंडमिलचे चार-पाच आकार, जॉबची कड शोधणारा एज फाइंडर, डायल: हे सारे पहिल्याच आठवड्यात लागते. हातात जेवढी रक्कम आहे तिचा निदान एक तृतीयांश भाग मी यासाठी बाजूला काढून ठेवतो आणि उरलेल्यात यंत्र शोधतो. याच कारणाने विक्रेत्याला टेपर कोणता, हे सर्वांत आधी विचारावे. ब्रिजपोर्ट या टरेट मिलच्या वळणाच्या यंत्रात आर-८, जुन्या नी प्रकारच्या (नी म्हणजे टेबलाखालचा वरखाली होणारा आधार) मोठ्या यंत्रांत बहुधा आयएसओ-४०, छोट्या यंत्रांत मोर्स टेपर ३ आढळतो. प्रचलित टेपर असेल तर जुन्या बाजारातही होल्डर मिळतात. अनोळखी टेपर असेल तर किंमत कितीही पाडली तरी मी पाठ फिरवतो. टेबलाची जागा आकड्यांत दाखवणाऱ्या डिजिटल रीडआउटसाठी अडून बसू नये, तो मागाहून लावता येतो. वाइसमध्ये काटकसर मात्र करू नये. जबडा आवळताना वर उचलला जाणारा स्वस्त वाइस चांगल्या यंत्रालाही बदनाम करतो.

जागेचा विचार शेवटी करणे

टरेट मिलचे वजन एक टनाच्या घरात जाते आणि ते अर्ध्या-पाऊण चौरस मीटरच्या पायावर उभे असते. राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून काढलेला असतो, त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या गच्चीलगतच्या खोलीत हे यंत्र चढवण्याची कल्पना स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मनात आणू नये. तळमजल्यावर दाराची रुंदी मोजावी, टेबल दोन्ही टोकांना पूर्ण सरकल्यावर भिंतीला लागत नाही ना ते पाहावे, आणि हायड्रा क्रेनचा हात बोळात वळतो की नाही हे चालकाला आदल्या दिवशी जागा दाखवून ठरवावे. उचलण्यापूर्वी नी खाली घ्यावा, हेड खालच्या बाजूला फिरवून सगळे लॉक आवळावेत, आणि पट्टा टेबलाला किंवा हँडव्हीलला कधीही घालू नये. यंत्र जूनमध्ये आणणार असाल तर ६८ ग्रेडचे स्लाइड ऑइल यंत्राच्या आधी घरी आलेले असावे, कारण कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघड्या बिडावर आठवडाभरातही तांबूस थर धरतो.