लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"हॉटस्पॉटच दिसंना की ओ" असं म्हणत जो कोणी लॅपटॉप बगलेत मारून दुरुस्तीला येतो, त्यानं येण्याआधी तीन उद्योग हमखास केलेले असतात. फुकटातलं ड्रायव्हर (लॅपटॉपमधला एकेक भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) अपडेट करणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, नेटवर्क रिसेट मारलेलं असतं आणि चुलतभावाकडून विंडोज नव्यानं घालून घेतलेलं असतं. फोनच्या सेटिंगला मात्र बोटही लागलेलं नसतं. निपाणी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव, कुठलाही गाव घ्या, क्रम हाच.

दोष कुणाचा हे ठरवायला दोन मिनिटं पुरतात. घरातला दुसरा कुठलाही फोन घ्या आणि त्याच्या वायफायच्या यादीत आपला हॉटस्पॉट दिसतो का बघा. मग त्या दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि तो लॅपटॉपला दिसतो का बघा. दुसऱ्या फोनलाही दिसत नसेल तर हॉटस्पॉट बहुधा मुळात बाहेर पडतच नाही, लॅपटॉपला हात लावू नका. लॅपटॉपला एकही नाव दिसत नसेल, शेजाऱ्याचंसुद्धा नाही, तर दोष लॅपटॉपचा. आणि लॅपटॉपला बाकी सगळी नावं दिसतात, बाकी सगळ्या फोनना आपला हॉटस्पॉट दिसतो, फक्त या दोघांचं जमत नाही, असं असेल तर पुढचा भाग नीट वाचा. येणाऱ्यांतले बहुतेक याच गटातले असतात.

चूक पहिली : फोन ५ गिगाहर्ट्झवर, लॅपटॉप २.४ वाला

वायफायचे नेहमीचे दोन पट्टे, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नवे फोन हॉटस्पॉट चालू केला की बऱ्याचदा ५ वर जातात, कारण वेग जास्त मिळतो. पण सात-आठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये जी वायफाय कार्डं यायची, म्हणजे रियलटेक ८७२३, क्वालकॉम अथेरॉस ९५६५, ब्रॉडकॉम ४३१४२, ती फक्त २.४ वर ऐकतात. त्यांच्या लेखी ५ चा हॉटस्पॉट अस्तित्वातच नसतो. एरर येत नाही, 'कनेक्ट होत नाही' असंही म्हणत नाहीत. नावच येत नाही.

आपलं कार्ड कुठलं हे बघायला स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सवर टिचकी मारा. वायफायच्या नावात वरच्यापैकी आकडा असेल तर विषय संपला. नाव ओळखीचं नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून टाका. 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत ८०२.११ बी, जी, एन एवढंच असेल आणि ए किंवा एसी नसेल, तर कार्ड २.४ पुरतंच आहे.

औषध फोनमध्ये. सॅमसंगमध्ये मोबाइल हॉटस्पॉट उघडून नावावर किंवा कॉन्फिगरवर दाबलं की 'बँड' दिसतं, तिथं २.४ निवडा. रेडमी-शाओमीत पोर्टेबल हॉटस्पॉटच्या सेटअपमध्ये 'एपी बँड' असतं. साध्या अँड्रॉइडमध्ये 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' असं बटण मिळतं. आयफोन १२ आणि त्यापुढच्यांत 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी', तेही तेच काम करतं. बदल केल्यावर हॉटस्पॉट एकदा बंद करून चालू करा, लॅपटॉपचं वायफायही बंद-चालू करा आणि अर्धा मिनिट थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. पाच सेकंदांत नाव आलं नाही की परत दुसरंच काहीतरी दाबायचं, आणि मग कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराचं बघा. दसऱ्याला नवा फोन घेतला, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसेना. जुन्या फोनचा रोज दिसत होता. यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष : लॅपटॉप बिघडला. बदलला होता फोन, पण संशय लॅपटॉपवर. हॉस्टेलवरच्या मित्रानं पेनड्राइव्हवरून विंडोज घातलं. त्यात डेस्कटॉपवरचा प्रोजेक्ट रिपोर्ट गेला तो गेलाच, वर नव्या विंडोजमध्ये वायफायचा ड्रायव्हरच आला नाही. आधी निदान हॉस्टेलचं वायफाय तरी दिसत होतं, आता यादीच रिकामी. एका दुकानात 'मदरबोर्ड' हा शब्द ऐकून आला. शेवटी काम झालं ते असं : फोन डेटा जाणाऱ्या यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, त्यावरून कंपनीच्या साइटवरचा त्याच मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर उतरवला आणि फोनचा बँड २.४ केला. वेळ लागला वीस मिनिटं. रिपोर्ट परत टाइप करायला किती लागला ते त्यालाच माहीत.

२.४ वर वेग कमी मिळतो, हे खरं. पण पहाणीचा (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा) उतारा काढायला, फॉर्म भरायला, ऑनलाइन क्लासला तेवढा पुरतो, आणि भिंतीपलीकडं २.४ जास्त लांब पोचतं.

याचाच एक पोटभेद आहे. लॅपटॉपला ५ चं वायफाय दिसतं, तरी ठरावीक नव्या फोनचा हॉटस्पॉट तेवढा दिसत नाही. कार्ड इंटेलचं जुनं असेल, ७२६५, ३१६५, ८२६० असलं, आणि ड्रायव्हरही त्याच काळातला असेल, तर त्याला वायफाय ६ चं, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचं, नेटवर्क यादीत दाखवताच येत नाही. इंटेलच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घातला की दिसायला लागतं. तोपर्यंत फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'वायफाय ६' चं बटण असेल तर ते बंद ठेवा.

आणि अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेला लॅपटॉप असेल तर अजून एक गंमत. आपल्याकडं २.४ मध्ये १ ते १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग, चालतात, तिकडं सर्रास ११ पर्यंतच वापरतात. फोन १२ किंवा १३ वर बसला तर असला लॅपटॉप त्याला बघतच नाही. फोनमध्ये चॅनेल निवडता येत असेल तर १, ६ किंवा ११ ठेवा. नसेल तर हॉटस्पॉट बंद-चालू करत राहा, चॅनेल बदलला की दिसेल.

चूक दुसरी : बिजागरी दुरुस्त केली, अँटेनाची वायर विसरली

लॅपटॉपची अँटेना कुठं असते असं विचारलं की लोक वायफाय कार्डाकडं बोट दाखवतात. बहुतेक लॅपटॉपांत ती पडद्याच्या चौकटीत वरच्या कडेला असते आणि तिथून दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी, एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. पडदा रोज उघडझाप होतो, बिजागरी तुटते, दुरुस्तीला जातो, आणि परत बसवताना वायर चेपते किंवा तिच्या टोकाची टोपी कार्डावर नीट बसत नाही.

लक्षण अगदी ठरलेलं : फोन कीबोर्डवर ठेवला की हॉटस्पॉट दिसतो, दोन पावलं मागं गेलं की गायब. शेजाऱ्याचं एकही वायफाय यादीत नाही, आणि घरच्या राउटरच्या सिग्नलची एकच दांडी. हे दिसलं की सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करणं व्यर्थ. लॅपटॉप बंद करून मागचं झाकण काढा, आत बॅटरीची पिन आधी सोडवा. वायफाय कार्ड अंगठ्याएवढं असतं, एका स्क्रूनं धरलेलं. त्यावर दोन गोल सोनेरी टिकल्या असतात. वायरीच्या टोकाची पितळी टोपी टिकलीवर बरोबर मधोमध ठेवून नखानं सरळ खाली दाबायची. 'टक्' असा बारीक आवाज आला पाहिजे. तिरकी दाबली की टोपीची कड चेपते आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही. नव्या कार्डांवरची टिकली जुन्यांपेक्षा लहान असते, जुनी टोपी त्यावर जबरदस्तीनं बसवणाऱ्यांना काय म्हणावं! पक्कड तर लांबच ठेवा. कुठली वायर कुठल्या टिकलीवर हे कार्डावर १-२ किंवा मेन-ऑक्स असं छापलेलं असतं, झाकण काढल्या काढल्या फोटो मारून ठेवला की प्रश्नच येत नाही.

कार्ड किंवा डोंगल घेताना

५ दिसत नाही म्हणून लोक बाजारातून यूएसबीत लावायचं नखाएवढं वायफाय डोंगल आणतात, त्यावर '१५० एमबीपीएस' लिहिलेलं असतं. ते २.४ चंच असतं. म्हणजे होतं तेच परत विकत घेतलं. ५ हवं असेल तर खोक्यावर 'ड्युअल बँड' किंवा 'एसी ६००' बघून घ्या. आतलं कार्ड बदलणार असाल तर इंटेलचं एएक्स २०१ किंवा एएक्स २११ स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका, ती जुळणाऱ्या इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात. एएक्स २०० किंवा २१० वेगळी, ती बाकी ठिकाणीही चालतात, पण तुमच्या लॅपटॉपमध्ये छोट्या एम.२ कार्डाची जागा आहे का ते आधी उघडून बघा. काही जुन्या एचपी आणि लेनोवो मॉडेलांत बायोस (विंडोजच्या आधी जागा होणारा लॅपटॉपचा प्रोग्रॅम) परकं कार्ड घेतच नाही.

बाकीच्या चुका, पटापट

आयफोनमध्ये हॉटस्पॉट चालू करून लगेच स्क्रीन बंद करणं. कोणी जोडलेलं नसेल तर तो थोड्या वेळानं नाव दाखवणं थांबवतो. पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा, लॅपटॉप जोडला गेला की मग खुशाल फोन खिशात टाका.

अँड्रॉइडमध्ये कोणी जोडलं नाही तर काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. चहा पिऊन येईपर्यंत गेलेला असतो. डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट चालूच होत नाही. 'हिडन नेटवर्क' वर खूण असेल तर काढा, सुरक्षेला तिचा काडीचा उपयोग नाही.

लॅपटॉपवर 'मोबाइल हॉटस्पॉट' ची टाइल दाबून वाट बघत बसणं. ती लॅपटॉपचं इंटरनेट दुसऱ्याला वाटायची टाइल आहे. आपल्याला हवं ते 'वायफाय'. आणि ब्लूटूथच्या यादीत फोनचं नाव दिसलं म्हणजे हॉटस्पॉट दिसला असं नाही.

वायफाय बंद करणारी की चुकून दाबली जाणं. बऱ्याच एचपीत एफ-१२ वरचा दिवा नारिंगी असेल तर वायफाय बंद आहे. जुन्या लेनोवोंत पुढच्या कडेला सरकतं बटण असतं, पिशवीत घालताना ते सरकतं.

यादी पूर्ण रिकामी असेल तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, त्यात 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' रनिंग आणि ऑटोमॅटिक पाहिजे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच दिसत नसेल तर शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा. रुसलेलं कार्ड याने पुष्कळदा परत येतं. साध्या शटडाउनवर विसंबू नका, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लॅपटॉप अर्धवट झोपतो. रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट धरून शटडाउन दाबा. झोपेतून उठल्यावरच हॉटस्पॉट हरवत असेल तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटची पहिली खूण काढा.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली की हॉटस्पॉट जातो, काढली की येतो? ती डिस्क आणि तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात. दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

हॉटस्पॉटचं नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये ठेवणाऱ्यांशी भांडण नाही, पण हिशेब समजून घ्या. नावाला जागा ३२ बाइटची. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं. देवनागरीतलं आणि कन्नडमधलं प्रत्येक अक्षर तीन, वर काना-वेलांटीचे वेगळे तीन. 'जय शिवराय' २५ मध्ये बसतं, 'जय भवानी जय शिवाजी' ४८ वर जातं, बसतच नाही. जे बसतं तेही काही लॅपटॉपांवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन येतं, आणि माणूस यादीत आपलं नाव शोधत राहतो. निदान अडचण सुटेपर्यंत साधं इंग्रजी नाव ठेवा, इमोजी काढा.

"कोगनोळीजवळ नेटवर्क महाराष्ट्राचं पकडतंय म्हणून हॉटस्पॉट दिसत नाही" हे तर कितीदा ऐकायचं! कोगनोळी हे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचं गाव, पण टॉवर इकडचा असो की तिकडचा, हॉटस्पॉटचं नाव दिसणं हा फोन आणि लॅपटॉप यांचा आपापसातला मामला आहे. टॉवर नसेल तरी बहुतेक फोनांचं नाव दिसेल, जोडलंही जाईल, फक्त इंटरनेट येणार नाही. नाव दिसतं पण पासवर्ड घेत नाही ही तक्रारही वेगळी. तिथं फोनची सुरक्षा डब्ल्यूपीए ३ वरून डब्ल्यूपीए २ वर आणून बघा. विंडोज ७ वाल्यांनी तर आधी तेच करावं.

नेटवर्क रिसेट सगळ्यात शेवटी. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची सेटिंगं जातात, मग ऑफिसचा पासवर्ड कोणाला विचारायचा ते आधी ठरवा. आणि विंडोज नव्यानं घालायचंच असेल तर त्याआधी आपल्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. शिवाय डेटा जाणारी एक यूएसबी केबल जवळ असू द्या. नुसती चार्जिंगची असेल तर फोनमध्ये टेदरिंगचं बटण करडंच राहतं.