नव्या लॅपटॉपला अ‍ॅडमिनचं कुलूप? या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की सोलापुरात नवी पेठेतल्या माझ्या दुकानात रोज तीच तक्रार येते: ‘दादा, लॅपटॉप नवा आहे, पण काहीही बदलायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतोय.’ पुढचं वाक्यही ठरलेलं, ‘फॉरमॅट मारून द्या.’ फॉरमॅट नंतर. आधी कुलूप कुणी लावलंय ते बघा.

सगळ्यात मोठी चूक लॅपटॉप घरी येण्याआधीच झालेली असते. विकणाऱ्या दुकानातला पोरगा म्हणतो, ‘सेटअप करून देतो,’ आणि आपण चहा प्यायला जातो. विंडोजमध्ये सेटअपच्या वेळी पहिलं खातं ज्याचं, तो अ‍ॅडमिन, म्हणजे बदल करायचे सगळे अधिकार त्याचे. पोरानं घाईत स्वतःचाच ईमेल टाकला आणि तुमच्या नावानं साधं खातं काढून दिलं, की लॅपटॉप तुमचा आणि किल्ली त्याच्याकडे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघणाऱ्या ताई असाच लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला, म्हणून भाच्यानं व्हिडिओ बघून पेनड्राइव्हनं पासवर्ड उडवायला घेतला. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी राखण) बंद केलं, वर टीपीएमही (डिस्कची किल्ली जपणारी चिप) क्लिअर केलं, म्हणजे पुसलं. नुसतं सिक्युअर बूट बंद असतं तर ते परत चालू केल्यावर बहुतेक वेळा विंडोज उघडतं. टीपीएम पुसल्यावर तो रस्ता संपला. निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, रिकव्हरी की (सुटकेची किल्ली) मागत होतं: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. आत तीन महिन्यांचा टॅलीचा हिशेब, बॅकअप कुठेच नाही.

नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि ती रिकव्हरी की त्या पहिल्या अ‍ॅडमिनच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. म्हणजे इथं त्या पोराच्या. तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला, पासवर्ड विसरलेला, खात्याला जोडलेलं सिमकार्ड गावी आईच्या मोबाइलमध्ये. चार दिवस फोनाफोनी झाली. शेवटी त्या माउलीनं ओटीपीचा एकेक आकडा वाचून दाखवला, तेव्हा की हाती आली. मी आकडे टाइप करत होतो आणि ताई शेजारी उभ्या राहून कागदावर एकेक गट पेनानं खोडत होत्या. आठवा गट संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

तेव्हापासून बॉक्स मी गिऱ्हाइकासमोरच फोडतो, ईमेल आणि पासवर्ड त्यांनाच टाइप करायला लावतो, की छापून बिलाला स्टेपल करतो. अर्धा तास जास्त जातो. ‘घाई आहे’ म्हणणाऱ्यांना मी उद्या बोलावतो.

तुमच्याकडे हे आधीच झालं असेल तर त्या पोराला समोर बसवा. त्याच्या खात्यातून सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जाऊन तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून घ्या. मग स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन करा, डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करून पुन्हा चालू करा (चार्जर लावून, वेळ लागतो), म्हणजे नवी की तुमच्याकडे येईल. त्याचं खातं काढायचं ते यानंतर.

‘सेटिंग्ज तुमची संस्था हाताळते’ असा मजकूर दिसला की लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, हात घालतात. कृपा करून घालू नका. आधी अकाउंट्समध्ये ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ बघा. ऑफिस किंवा टीम्समध्ये कॉलेजच्या, कंपनीच्या ईमेलनं लॉगिन करताना ‘संस्थेला हा लॅपटॉप हाताळू द्या’ ही खूण तशीच राहून गेलेली असते. लॅपटॉप स्वतःचा असेल तर ते खातं तिथून डिस्कनेक्ट करा.

फक्त स्टोअरमधलेच अ‍ॅप चालत असतील तर ते कुलूप नाही, एस मोड आहे. स्टोअरमधून फुकट बाहेर पडता येतं, परत मात्र जाता येत नाही.

विंडोजमधलं लपलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं कमांडनं चालू करून बिनपासवर्डाचं सोडू नका. घराच्या दाराला कडीच न लावण्यातला प्रकार आहे तो. बायोसचा पासवर्ड कुणी टाकून ठेवला असेल तर बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून घालण्याचा उपाय आताच्या बहुतेक लॅपटॉपवर चालत नाही.

आणि ‘नवाकोराच आहे, फक्त बॉक्स नाही’ म्हणून स्वस्तात घेतलेला लॅपटॉप फॉरमॅटनंतरही एखाद्या कंपनीच्या नावानं लॉगिन मागत असेल, तर त्या हार्डवेअरची नोंद त्या कंपनीकडे आहे. ती नोंद तिथल्या आयटीवाल्यांनीच काढायची असते. असे लॅपटॉप मी टेबलावर घेत नाही. ज्यानं विकला त्याच्याकडे त्याच दिवशी जा, मूळ बिल मागा, नसेल तर पैसे परत घ्या.