स्वतःला जास्त चांगलं समजून कुणाला दुखावलं असेल, तर माफी कशी मागायची

धाकट्या बहिणीने तिच्या सासूबाईंना वृद्धाश्रमात ठेवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोनवर म्हणालो, "मी बाबांना शेवटपर्यंत घरीच सांभाळलं. असतात एकेकाचे संस्कार." ती फक्त "बरं दादा" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पुढे चौदा महिने आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. त्यानंतर मी दोनदा माफी मागितली. पहिली फसली, दुसरी तिच्यापर्यंत पोचली. दोन्हींत काय फरक होता ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून.

सुरुवात कागदापासून करा. आपण जे बोललो ते वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. "जरा जास्तच बोललो" असं मोघम लिहू नका. अशा दुखावण्यात शिवी नसते, आवाज चढलेला नसतो, शब्द अगदी स्वच्छ असतात. म्हणून तर "मी खोटं काय बोललो?" म्हणून सुटता येतं. मीही महिनोनमहिने तेच म्हणत होतो. बाबांना घरी सांभाळलं हे खरंच होतं. पण त्या वाक्याला न बोललेला दुसरा भाग होता: "आणि तू नाही सांभाळलंस, म्हणजे तू कमी." माफी या दुसऱ्या भागाची मागायची असते. तो शब्दांत लिहून काढा. लिहिताना लाज वाटली, तर नेमकं वाक्य सापडलं असं समजा.

नंतर त्याच कागदावर आपल्या चांगुलपणाचा हिशोब मांडा. मला हा भाग सगळ्यात जड गेला आणि सगळं बदललं तेही इथेच. बाबा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. मी काय केलं? औषधं आणली, डॉक्टरांकडे नेलं, संध्याकाळी तासभर जवळ बसलो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग पुसणं, चादरी धुणं हे सगळं माझ्या बायकोने केलं. त्यासाठी तिने नोकरी सोडली. जे मी माझे संस्कार म्हणून बहिणीला ऐकवलं, ते तिच्या वहिनीचे कष्ट होते.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला समोरच्याची परिस्थिती लिहा, जेवढी खात्रीने माहीत आहे तेवढीच. माझी ती बाजू जवळजवळ कोरी राहिली. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, त्या रात्री दार उघडून बाहेर जायच्या, बहीण आणि तिचा नवरा दोघं नोकरी करणारे, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. मी एकदाही विचारलं नव्हतं.

ही खोड बहुतेकांना असते. निकोलस एपली आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरच्या मदतनिधीसाठी फुलं विकली जाणार होती. तुम्ही घ्याल का, असं विद्यार्थ्यांना आधी विचारलं, तेव्हा ८३ टक्के हो म्हणाले. इतरांपैकी मात्र ५६ टक्केच घेतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ४३ टक्क्यांनी घेतली. इतरांबद्दलचा अंदाज बराच जवळ होता, चुकला तो स्वतःबद्दलचा. "मी तिच्या जागी असतो तर" हे वाक्य मनात आलं की मला आता हे आकडे आठवतात.

आता फसलेली माफी. मी बहिणीला म्हणालो, "तुझ्यापुढे दुसरा इलाजच नव्हता, ते मी समजून घ्यायला हवं होतं. माफ कर." मला वाटलं, छान बोललो. ती म्हणाली, "म्हणजे आता तू मला पास केलंस का, दादा?" तिचं बरोबर होतं. आधी मी तिला दोषी ठरवलं होतं, आता निर्दोष सोडत होतो. न्यायाधीशाची खुर्ची मी सोडलीच नव्हती. म्हणून अशा माफीत समोरच्याच्या निर्णयाबद्दल एक शब्दही बोलू नका, चांगलाही नको. "माझी तत्त्वं जरा कडक आहेत" हेही नको, कारण ती माफीच्या आडून केलेली बढाई आहे. "मीच नालायक" म्हणून स्वतःला झोडपूही नका, मग तुमचं सांत्वन करण्याचं काम त्यांच्यावर येतं. तत्त्व सोडायची गरज नाही. त्याने दुसऱ्याला मोजणं तेवढं थांबवायचं.

दुसऱ्यांदा बहिणीकडे जाण्याआधी बायकोला तो कागद दाखवला आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "एवढं लिहायला इतकी वर्षं लागली तुम्हाला?" यावर मी काही बोललो नाही, सफाई द्यायची नाही एवढं तोवर कळलं होतं.

मग बहिणीसमोर बसून हे म्हणालो: "त्या दिवशी मी 'असतात एकेकाचे संस्कार' म्हणालो. तू कमी आहेस असं मला सुचवायचं होतं, आणि ते मी मुद्दाम सुचवलं. तुझ्या घरात काय चाललंय ते विचारलंसुद्धा नव्हतं. बाबांचं रात्रीचं सगळं तुझ्या वहिनीने केलं, ते मी स्वतःच्या नावावर घेऊन तुला ऐकवलं. चूक माझी आहे." एवढं बोलून थांबलो. "माफ करशील ना?" असं या वेळी विचारलं नाही. रॉय लेविकी या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले होते. त्यात सगळ्यात जास्त वजन चूक आपली म्हणून कबूल करण्याला निघालं आणि सगळ्यात कमी क्षमा करा अशी विनंती करण्याला. मला ते पटतं. ती विनंती केली की समोरच्याला लगेच उत्तर द्यावं लागतं.

त्यानंतर फक्त ऐकायचं. बहीण पाऊण तास बोलली. तिने तिच्या लग्नाच्या वेळचं माझं एक वाक्यही काढलं, जे मी पार विसरलो होतो. तपशील दुरुस्त करावासा वाटतो, करू नका. "हो, तेही मीच बोललो होतो" एवढं पुरतं.

आपण हे आणखी कुणाकुणाजवळ बोललो तेही आठवा. मी तीन नातेवाइकांकडे तिच्याबद्दल नाक मुरडलं होतं. तिला आधी विचारलं आणि मग तिघांनाही फोन करून सांगितलं, की मी काही माहीत नसताना बोललो, ते चूक होतं. भरपाई म्हणून काय करू, हेही मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काही नको. पुढच्या वेळी आधी विचार."

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. सासूबाईंनी तिला ओळखलं नव्हतं. "बाबांच्या वेळी मी..." हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते गिळले आणि विचारलं, "मग तू काय केलंस?" बराच वेळ ती सांगत होती.